वाण लागला

माझं केतकी हे नाव रंगावरून पडलं. जन्मले तेव्हा मी केवड्याच्या पातीसारखी पिवळसर गोरी होते म्हणे. आईने हौसेने नाव ठेवलं आणि पुढच्या सगळ्या पंचाइतीची सोय करून ठेवली. शाळेच्या शेवटच्या वर्षी माझ्या ओठाच्या कडेला पहिला पांढरा डाग उठला, मग बोटांच्या पेरांवर, मग मानेवर. कोड. हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. आई 'तुझं ते' म्हणायची. "तुझं ते आज उठून दिसतंय, ओढणी घे की." कोल्हापूरच्या वैशाखात मी लांब बाह्या घालून घामाघूम हिंडले आहे.

गंमत म्हणजे पोटापाण्यासाठी मी रंगच जुळवते. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये कापडाची शेड नमुन्याशी जुळते का ते बघायचं काम. यंत्रं मोजतात, पण शेवटी माणसाच्या डोळ्यालाच विचारावं लागतं. काळ्यात किती काळे असतात ते मला विचारा. निळसर, तांबूस, हिरवट, राखाडी. दुसऱ्याच्या कापडावरचा डाग मी लांबून ओळखायची आणि स्वतःचे हात टेबलाखाली ठेवायची.

धैर्यशील तिथेच भेटला. बॉयलरवर होता. त्याला माझ्या डागांचं काही वाटत नव्हतं आणि ते त्याने एकदाच, सरळ सांगून टाकलं, "मला काय फरक पडत नाही बघ." पण त्याच्या घरच्यांना पडत होता, माझ्या आईला त्याहून जास्त पडत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही पडत होता. मी काही संत नाही. म्हणून निरंजनमामाने त्याच्या नव्या उपचाराचा विषय काढला तेव्हा आईच्या आधी मी हो म्हणाले.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पुण्यात गणित शिकवता शिकवता कातडीकडे वळलेला माणूस. त्या दिवाळीला तो आला, आमच्या पुढच्या खोलीत खाली बसला आणि आईकडे मूठभर चिंचोके मागितले. आमची फरशी चौकोनी, जुन्या पद्धतीची.

"ही एकेक फरशी म्हणजे एक घर. चिंचोका असला तर काळं, नसला तर पांढरं," मामा म्हणाला. "प्रत्येक घराला आठ शेजारी. घराला डोकं नाही, आठवण नाही, गावात काय चाललंय त्याचा पत्ता नाही. शेजाऱ्यांत काळे किती, पांढरे किती, एवढं मोजायचं आणि त्यावरून आपला रंग ठरवायचा. सगळी घरं हे एकदम करतात. मग पुन्हा मोजायचं, पुन्हा ठरवायचं."

तो चिंचोके उचलत होता, ठेवत होता. नियम दीड ओळीचा, पण फरशीवर नक्षी उमटत होती, सरकत होती, विरत होती. आईसुद्धा गॅस बंद करून बघायला आली.

त्याची खरी घरं धुळीच्या कणाहून बारीक होती. सुईने कातडीत सोडायची, रक्तातल्या साखरेवर ती जगणार. शेजारची जागा रिकामी दिसली की कातडीतल्याच मालमसाल्यातून तिथे आपल्यासारखं दुसरं घर बांधणार. डागाच्या कडेचं घर चांगल्या कातडीचा रंग उचलणार, त्याच्याकडून पुढचं, त्याच्याकडून त्याच्या पुढचं, असं करत डाग भरून येणार.

"म्हणजे ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," मी म्हटलं.

"वाण नाही पण गुण लागला," मामाने म्हण पुरी केली आणि हसला. "इथे उलटं आहे. इथे वाणच लागतो."

पुण्याला गेलो त्या दिवशी मामाने पडद्यावर माझी पाठ, मान, चेहरा सगळं चौकटी-चौकटींत दाखवलं. उपचारानंतर मी कशी दिसेन तेही दाखवलं. कुठे एक ठिपका नाही. वयात आल्यापासून मी अशी दिसले नव्हते. मला रडू फुटलं. आई मात्र पडद्याजवळ जाऊन निरखून बघायला लागली.

"एवढं एकसारखं नको रे, निरंजन," ती म्हणाली.

"म्हणजे काय, अक्का? डाग हवेत का नकोत?"

"डाग नकोत. पण कानामागं एक तीट राहू दे."

मामा बराच वेळ हसला. माणूस देव मानत नाही, पण थोरल्या बहिणीला मानतो. त्याने समजावून बघितलं, की हे यंत्र आहे, याला दृष्ट कोण लावणार. आई आपली एकच म्हणत राहिली, "असू दे. दृष्ट लागते." लहानपणी माझ्या कानामागे रोज काजळाचं बोट ओढणारी बाई ती, तिला बिनतिटेचं लेकरू बघवत नव्हतं.

आता एकच घर काळं सोडलं असतं तर आठ शेजाऱ्यांनी मिळून ते घडीभरात पुसून टाकलं असतं. म्हणून मामाने मोहरीएवढा ठिपका आखला, चार टोकांचा. आतल्या घरांनी एकमेकांना असं धरून ठेवलेलं, की बाहेरच्यांनी कितीही मोजलं तरी तो ढळायचा नाही. हे जमल्यावर त्याचा चेहरा खुलला. गणितवाल्यांना अशा वेळी भान राहत नाही. "घे अक्का," तो म्हणाला, "ही तीट जन्मात पुसली जायची नाही."

लग्नात मी छोट्या बाह्यांचा ब्लाऊज घातला. आई दर पाच मिनिटांनी काहीतरी कारण काढून माझ्या हातांकडे बघून जात होती. सासूबाईंनी माझ्या कानात मोत्यांचे जड वेल घातले होते. ते कानामागून केसांत अडकवतात, आणि दिवसभराच्या वाकण्या-उठण्यात डाव्या कानामागे खरचटून थोडं रक्त आलं. लग्नात एवढं चालायचंच म्हणून मी त्यावर हळद दाबली आणि विसरले.

मला दिवस गेले त्याच सुमारास मानेवर एक नवा ठिपका दिसला. मग त्याच्या खाली तेवढ्याच अंतरावर दुसरा, आणि खांद्याच्या दिशेने तिसरा. कामावर कापडाचे धागे मोजायचं भिंग असतं. ते लावून मी फोनने फोटो काढला. चार टोकं, आणि डाव्या टोकाला एक खाच. मग कानामागच्या मूळ तिटेचा काढला. तिलाही तीच खाच. वेलाने खरचटून पडलेली खाच माझ्या सगळ्या ठिपक्यांना जन्मजात आली होती.

मामा दुसऱ्याच दिवशी आला. त्याने चहा घेतला नाही. फोटो पुनःपुन्हा मोठे करून बघत राहिला.

"नक्कल," तो म्हणाला. "ठिपका स्वतःची नक्कल काढतोय."

"खाचेसकट?" मी विचारलं.

"खाचेमुळेच. तुमच्याकडे मागावर नक्षीची भोकं पाडलेली कार्डं असायची ना पूर्वी, तसं समज. स्वतःसारखं दुसरं बनवायचं तर स्वतःचं असं एक कार्ड जवळ पाहिजे, आणि त्या कार्डाचा उपयोग दोनदा करायचा. एकदा ते वाचून तसं कापड विणायचं. दुसऱ्यांदा ते वाचायचं नाही, नुसतं उतरवून घ्यायचं आणि नव्या कापडाला जोडून द्यायचं. मग ते नवं कापड पुढचं कापड विणायला मोकळं. चौकटी आणि शेजारी एवढ्यावरून हे जमतं, हे आम्हाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कागदावर. माझा ठिपका मी घट्ट बांधला होता. वेलाने त्यातली नेमकी मोक्याची घरं उडवली आणि गाठ सुटली."

आई दारात उभी होती. तिला कार्ड-बिर्ड काही नको होतं. "थांबंल का ते?" तिने विचारलं.

मामाने फोन पालथा ठेवला.

"अरे, विचारते मी काहीतरी. एवढा शिकलास, संगणक आहेत तुझ्याकडं. पुढं काय होणार ते बघता येत नाही होय?"

"नाही, अक्का." त्याने चष्मा काढला. "काल रात्रभर तेच ताडून बघितलं. या नियमातून नुसती नक्कल निघत नाही, कुठलंही गणित निघू शकतं. केतकीच्या कातडीवर अख्खा संगणक मांडता येईल, असा तो नियम आहे. आणि जे कुठलंही गणित करू शकतं, त्याचं पुढे काय होणार हे सांगणारी जवळची वाट नसते. थांबेल का, हे ते चालवूनच कळतं. थांबलं तर थांबलं म्हणायचं. नाही थांबलं तर आपण नुसते बघत बसायचं."

"शितावरून भाताची परीक्षा होतीच की."

"इथे नाही होत. सगळा भात शिजवावा लागतो." त्याने चष्मा पुन्हा चढवला. "माझ्याच हाताने केलंय हे."

"तू कशाला. मी सांगितलं म्हणून केलंस," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

उपाय एकच होता. एका विशिष्ट निळ्या उजेडाखाली ठेवलं की घरं फुटतात, सगळीच्या सगळी. पण एवढ्या दिवसांत घरांनी माझ्या मूळच्या रंगपेशींची जागा कधीच घेतली होती. घरं गेली की खाली रंग उरणार नव्हता. मी नखशिखांत पांढरी होणार, आणि उन्हात जायचं नाही ते नाहीच. शिवाय पोटात बाळ असताना तो उजेड चालणार नव्हता. आईने हे ऐकलं आणि ती खालीच बसली. जे एका पेरावर दिसलं तरी ती ओढणी ओढायची, तेच आता सगळ्या अंगावर येणार होतं.

मला त्याचं तितकं वाटलं नाही. मी दुसऱ्याच गोष्टीचा धसका घेतला होता. जिथे ठिपके दाट झाले तिथे कातडीची जाण जात होती. दंडावर चिमटा काढला तर दुसऱ्याच्या दंडावर काढल्यासारखा. ठिपके ओळीने कोपरापर्यंत दाट झाले होते, तळव्यावर एखाददुसराच होता, बोटं तेवढी अजून माझी होती. बाळ येईल तेव्हा ती माझी असावीत, एवढंच मला हवं होतं.

मग धैर्यशीलच्या उजव्या खांद्यावर, मी डोकं टेकवते तिथे, ठिपका निघाला. चार टोकांचा, खाच असलेला. मामाने घरांना एक अट घातली होती, की दुसऱ्याच्या कातडीत शिरायचं नाही. ठिपक्याच्या कार्डावर ती अट उतरलीच नव्हती. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, आमच्या बाबतीत ते अगदी शब्दशः झालं. शेजारी एवढंच त्या घरांना कळत होतं. शेजार कुणाचा, हे नाही.

कोल्हापुरातल्या एका दवाखान्याने मला काचेची खोली दिली. हातमोज्याशिवाय कुणी मला शिवायचं नाही. धैर्यशीलच्या खांद्यावर निळा दिवा लावला, तिथे पांढरा चट्टा पडला. तो रोज कामावरून येऊन काचेपलीकडे बसायचा. भला माणूस, घाबरलेला. एक दिवस मान खाली घालून म्हणाला, "केतकी, बाळाला हात लावायचा नाहीस हां. दिवा होईपर्यंत."

"मला कळतंय."

"एवढ्या लहान जिवाला दिवा लावता येत नाही म्हणे. दात येईपर्यंत तरी नाही. तोवर ते अंगभर..."

"कळतंय म्हटलं ना!" मी ओरडले. तो डबा तिथेच ठेवून निघून गेला. त्या दिवशी मी त्याचा मनापासून राग केला, आणि तो बरोबर बोलत होता म्हणून जास्तच केला.

कळा सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांच्या हातात मोजे होते. रबरी बोटं मला उचलत होती, वळवत होती. आई उशाशी होती. मी काय बरळले आठवत नाही, बहुतेक नुसतं "आई, आई" असेल. आणि एकाएकी माझ्या बोटांत उघडा हात आला. गरम, घामेजलेला, कांदा चिरून चिरून खरखरीत झालेला तळवा. बाकीच्यांचं लक्ष बाळाच्या डोक्याकडे होतं. मी तो हात झिडकारायला हवा होता. मी तो इतका घट्ट धरला की नखं रुतली असतील.

मुलगी झाली. नाळेतून घरं जात नाहीत हे आधीच तपासलेलं होतं, बाळ स्वच्छ होतं. आईने मोजा पुन्हा चढवला होता. तिनेच बाळाला पहिल्यांदा घेतलं आणि लांबून मला दाखवलं.

मग सव्वा महिना मी निळ्या उजेडात होते. रोज थोडा थोडा. आरशात मी ओळीओळीने पुसली जात होते, ब्लीचच्या हौदातून काढलेल्या कोऱ्या कापडासारखी. पण त्याच वेळी दंडाला ब्लँकेटची लोकर टोचायला लागली, आणि मी रडले ते आनंदाने. मामाचा रोज फोन यायचा. एकदा म्हणाला, "तुझ्या अंगावर आता एकही घर नाही." त्याच्या आवाजात अभिमान नव्हता, सुटकाही नव्हती. माणूस मोडला होता.

बारसं मी फोनवर पाहिलं. रंगावरून नाव ठेवायचं नाही, एवढा एकच निरोप मी दिला होता. आत्याने कानात 'इरा' म्हटलं. आईने बाळाला फोनसमोर धरलं, आणि मला डाव्या कानामागे काजळाचं मोठं बोट दिसलं.

"आई, तीट? अजून तीट? एवढं होऊनसुद्धा?"

"असू दे गं."

"पूस ते! आधी पूस!"

"पुसते नंतर. आवाज चढवू नको, दचकतंय पोर." तिच्या डाव्या तळव्याला पट्टी होती. विचारलं तर तव्याचा चटका बसला म्हणाली. रोज फोन व्हायचा, रोज तीट असायची. मी भांडून भांडून थकले. माझ्या मनात आलं की या बाईला काही म्हणजे काही कळलेलं नाही.

घरी आले ती दुपारची वेळ होती. खिडक्यांना जाड पडदे लावून ठेवले होते. धैर्यशील कामावर होता. आईने मला दारात बघितलं, माझे पांढरे हात, पांढऱ्या पापण्या, सगळं बघितलं, आणि ओढणीबद्दल एक शब्द बोलली नाही. आतून इराला आणून तिने माझ्या मांडीवर ठेवलं.

काय सांगू. वेखंड, धुरी आणि दुधाचा वास. टाळू अजून हलणारी. मी एकेका बोटाने तिचं एकेक बोट मोजलं आणि माझ्या प्रत्येक बोटाला ते कळलं. हात लागताच ती माझ्याकडे वळली, सव्वा महिन्यात मला न बघितलेली पोर. त्यापलीकडे मला त्या वेळी जगात काही नको होतं.

मग तीट दिसली. अंगठ्याला थुंकी लावून मी ती पुसायला घेतली.

"केतकी, राहू दे. पुसू नको," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

काजळ अंगठ्यावर आलं. तेलकट, तांबूस झाक असलेलं काळं. त्याच्या खाली दुसरं काळं राहिलं होतं. निळसर, कोरडं. फोनवर मला त्यांतला फरक कळलाच नव्हता. मी बाळाचं डोकं पडद्याच्या फटीतल्या उजेडाकडे वळवलं. मोहरीएवढा ठिपका. चार टोकं, आणि डाव्या टोकाला खाच.

आईने तळव्यावरची पट्टी सोडली. चटका नव्हताच. ठिपके बोटांच्या बुडाशी पोचले होते. बाळाला न्हाऊ घालताना डोकं डाव्या हातावर पेलतात.

"कधी दिसलं?" मी विचारलं.

"बारशाच्या आधी."

"आणि गप्प बसलीस? मामाला तरी सांगायचं."

"सांगून काय झालं असतं? दिवा लागत नाही एवढ्या लहानाला. काचंत ठेवली असती. तुला ठेवली तशी." ती भिंतीला टेकून खाली बसली. "तू निदान कळती होतीस. हिला वर्षभर रबराच्या हातांनी वाढवायचं होतं होय गं? मला नाही जमलं. तुझा हात सोडायलाबी नाही जमलं. माझ्याच हातानं झालं सगळं, दोन्ही वेळेला."

मला तिला मारावंसं वाटलं आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. यांतलं काहीच केलं नाही, कारण मांडीवर इरा होती. तिला खाली ठेवायला हवं होतं. माझ्या अंगावर आता एकही घर नव्हतं. सगळी जागा रिकामी, आणि शेजारी ती. फोन उचलून मामाला सांगायला हवं होतं, दवाखान्याला सांगायला हवं होतं. पुढे हे कुठवर जाईल, कुणाकुणाला लागेल, थांबेल की नाही, हे मला जगातला कुणी सांगू शकत नव्हता. इराने माझं बोट मुठीत धरलं होतं आणि ती झोपत चालली होती.

बाहेर धैर्यशीलची गाडी थांबल्याचा आवाज आला.

"आई," मी म्हटलं, "काजळाची डबी दे."

तिने दिली. मी करंगळीने इराच्या कानामागे तीट लावली, खाच झाकेल एवढी मोठी. मग माझा गाल तिथे टेकवला आणि तसाच ठेवला.

धैर्यशील बूट काढून आत आला. आम्हा दोघींना बघून त्याचे डोळे भरून आले. वाकून त्याने इराच्या डोक्याचा वास घेतला आणि हसून म्हणाला, "हे काजळ कशाला गं अजून? तुला तर आवडत नव्हतं."

"असू दे," मी म्हणाले. "दृष्ट लागते."